आमच्या घरचा शब्द

त्याचं चांगलं चाललंय हे मला गेली कित्येक वर्षं सहन होत नाही. लोक असल्या गोष्टी मनात ठेवतात. मी बायकोला सांगून टाकलंय, त्यामुळे निदान घरात नाटक करावं लागत नाही. शनिवारी सकाळी सहाला फोन वाजला की ती पांघरुणातूनच म्हणते, "घे, तुझं दुखणं आलं."

फोन त्याचाच असतो. तिकडे कॅन्ससमध्ये तेव्हा आठ वाजलेले असतात आणि त्याच्या मते अर्धा दिवस वाया गेलेला असतो. "उठलास का मालक? काय करायलास?" झोपलोय म्हटलं तर त्याला मनापासून वाईट वाटतं, पण फोन ठेवावा इतकं नाही. मग तो मला रानात ओल किती बोटं खोल आहे ते सांगतो, गहू कुठवर आलाय ते सांगतो, धाकटीचा दात पडला तो तिने कुठे पुरला तेही सांगतो. मी कॅलिफोर्नियातला, सांता क्लारामधला सॉफ्टवेअरवाला. माझ्याकडे घरापुढे हिरवळीचा एक पट्टा आहे आणि त्याला टायमर पाणी देतो. कॅन्ससच्या ओलीचं मी काय करणार? तरी सगळं ऐकतो आणि नंतर झोप लागत नाही.

मला मालक म्हणायची सवय त्याला युनिव्हर्सिटीपासून आहे. कॅन्ससमध्ये एम.एस. करताना आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. हा लातूरकडचा. वडील एस.टी.त कंडक्टर, राहायला भाड्याच्या दोन खोल्या. "आमच्या दारातली तुळससुद्धा घरमालकाची होती," असं तो सांगायचा. आणि मी बार्शीकडचा, घरची काळीभोर जमीन असलेला. खरं म्हणजे मी कधी औताला हात लावला नव्हता. पण परक्या मुलखात माणूस जवळ असेल त्याचीच बढाई मारतो. बाकीचे दोघे पुण्यातल्या फ्लॅटबद्दल बोलायचे, मी आमच्या रानाबद्दल.

बर्फ वितळल्यावरची गोष्ट आहे. लख्ख ऊन पडलं होतं आणि बसच्या खिडकीतून शेताकडेला नुसताच उभा ट्रॅक्टर दिसत होता. हा म्हणाला, "इतकं ऊन पडलंय, मग हे लोक रानात का जात नाहीत?" आमचे दादा, म्हणजे वडील, जसे बोलायचे तसाच मी सहज बोलून गेलो, "वाफसा नाही अजून."

हे त्याने माझ्याकडून सहा वेळा समजून घेतलं. पावसानंतर जमीन लगेच पेरायची नसते. ओलं रान पायाला चिकटतं, दाबलं की विटेसारखं होतं. कोरड्यात बी जगत नाही. मध्ये एक वेळ अशी येते की मातीत ओलही असते आणि हवाही असते, तो वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर पेरायला लागा, नाही फुटला तर घरी जाऊन चहा प्या. त्याने वही काढून शब्द लिहून घेतला, खाली माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. कंडक्टरचा मुलगा, हिशेब चोख.

त्या दिवसापासून त्याने तो शब्द सगळ्याला लावला. कुकरचं झाकण लवकर उघडायला गेलो तर, "थांब, वाफसा नाही." प्रोफेसरकडे मुदत मागायला जायचं तर आधी दारातून डोकावून यायचा आणि म्हणायचा, "आज चिकट आहेत, उद्या बघू." एक मुलगी मला आवडायची. मी तिला घाईने विचारलं आणि ती नाही म्हणाली. तर हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "ओल्यात पेरलंस मालक." वर मला आमच्या रानाचा नकाशा काढायला लावला. विहीर कुठे, बांध कुठे, बांधावरची बोर कुठल्या अंगाला. मला धड आठवत नव्हतं, तर घरी फोन करायला लावून दादांना विचारायला लावलं. दादा त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलले.

ग्रीन कार्ड आलं की लोक पेढे वाटतात. याने नोकरी सोडली. कॅन्ससमधल्याच एका लहान गावात, धान्याची कोठारं बांधणाऱ्या कंपनीत त्याचं बरं चाललं होतं. बायको नागपूरची, त्याच गावात औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. तिथला एक म्हातारा शेतकरी, मूलबाळ नसलेला, गुडघे गेलेला, जमीन खंडाने द्यायला माणूस शोधत होता. हा जाऊन उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी फोन करून त्याला समजावलं. मी सगळ्यांपेक्षा जास्त समजावलं. तू शेतकऱ्याच्या घरचा नाहीस, तुला शेतीतलं काय कळतं, असंही म्हणालो.

"तूच शिकवलंस की," तो म्हणाला.

त्याच वर्षी दादा गेले आणि मी बार्शीची जमीन विकली. सांता क्लारामधलं घर त्यातून आलं. शहाणपणाचा निर्णय होता, सगळे तसंच म्हणाले. त्याला फोनवर सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "बांधावरची बोर पण गेली का?" त्याने ती बोर कधी पाहिलीसुद्धा नव्हती. त्यानंतर तो मला मालक म्हणायचं सोडेल असं मला वाटलं होतं, पण नाही सोडलं.

आता त्याच्या घराबद्दल. ते सांगायला घेतलं की माझ्या पोटात दुखतं, तरी सांगतो.

घर लाकडी आहे, रंग उडालेला. दारात एक पितळी घंटी टांगलेली आहे आणि तिला दोरी आहे. तशीच एक ट्रॅक्टरमध्ये आणि एक कापणीयंत्रात. वडील कंडक्टर होते म्हणून हा कुठलंही काम दोनदा घंटी वाजवल्याशिवाय सुरू करत नाही. पेरणी असो, जेवण असो, पोरींची शाळेची गाडी असो, दोरी ओढायची, टिंग टिंग, मग निघायचं. एकदा वाजली की थांबायचं. जमीन देणारा म्हातारा शेजारीच राहतो, तोसुद्धा आता कॉफीचा कप उचलण्याआधी टेबलावर दोनदा टिचकी मारतो. मुली त्याला आजोबा म्हणतात. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा टोपी काढून म्हणाला, "आय अ‍ॅम आजोबा."

मुली दोन, बारा आणि नऊ वर्षांच्या. अर्धं लातूरचं आणि अर्धं नागपूरचं मराठी कॅन्ससच्या उच्चारात बोलतात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. रात्री जेवताना प्रत्येकाने त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट सांगायची असा नियम आहे. पडद्यावरची चालत नाही. वहिनी दुकानातली सांगतात, "भाऊजी, आज एक बाई खोकल्याचं औषध मागून राहिली होती आपल्या बकरीसाठी." मग बकरीवरून नवरा-बायकोचं भांडण होतं, बकरीला खोकला होतो की नाही यावर. भांडताना दोघंही हसत असतात. मी तिथे बसून भाकरी मोडत असतो. भाकरी घरच्या पांढऱ्या ज्वारीची. तिकडे ज्वारी एकरच्या एकर पेरतात ती जनावरांना घालायला. आपलं मुख्य अन्न इथल्या गाईंच्या ताटात बघून पहिल्या वर्षी त्याला रडू आलं होतं म्हणे. दुसऱ्या वर्षी त्याने घरापुरती पांढरी ज्वारी लावली.

मी त्याच्या सुखात भेग शोधत असतो, हे बायकोचं म्हणणं खरं आहे. एकदा सापडली असं वाटलं होतं. कापणीला आलेला गहू गारपिटीने झोडपला. बातमी कळताच मी फोन केला. आवाज शक्य तितका हळवा ठेवला होता. मागे पोरींचा नुसता दंगा चालला होता. त्या गारा गोळा करून वाट्यांत भरत होत्या आणि वर कोकमचं सरबत ओतून खात होत्या. "मी आधी रडून घेतलं मालक," तो म्हणाला. "मग पोरी म्हणाल्या, वितळायच्या आत खायला पाहिजेत. ते पण बरोबर आहे." मी फोन ठेवला. मला माझ्या हळव्या आवाजाची लाज वाटली आणि त्याहून जास्त त्याचा राग आला.

पण सगळ्यात झोंबलं ते गावातल्या हॉटेलात. सकाळी तिथे टोप्या घातलेले दहा-बारा शेतकरी कॉफी पीत बसतात. एक जण बाहेर बघून म्हणाला, "नॉट वाप्सा येट." बाकीच्यांनी माना डोलावल्या. याने शिकवलेला शब्द. त्यांच्या भाषेत तो नाही, त्यामुळे त्यांना तो सोयीचा वाटतो. मी बसल्या जागी गरम झालो. तो आमच्या घरचा शब्द होता. दादांच्या तोंडचा. माझ्या स्वतःच्या मुलीला तो येत नाही आणि कॅन्ससमधला शेतकरी तो फ चुकवून, पण सगळ्या खऱ्या अर्थासकट वापरत होता.

हे मी कुणाला बोललो नाही. पुढच्या मे महिन्यात त्याचा हिशेब केला.

आम्ही तिघं तिकडे गेलो होतो, मी, बायको आणि आमची पंधरा वर्षांची मुलगी. मुलगी घरी प्रश्नांना खांदे उडवून उत्तर देते. तिथे दुसऱ्याच रात्री जेवताना तिची सांगायची पाळी आली आणि ती रस्ता ओलांडणाऱ्या एका कासवाबद्दल दहा मिनिटं बोलली. सगळे ऐकत होते. आजोबांनी दोन प्रश्न विचारले. नंतर पायरीवर माझ्याशेजारी बसून तिने विचारलं, "बाबा, हाउ कम वी आर नॉट लाइक दिस?" आवाजात तक्रार नव्हती. मी म्हटलं, झोप आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उत्तरेच्या रानात उभे होते. आम्ही येण्याआधी पाऊस झाला होता आणि ज्वारीची पेरणी अडली होती. त्याच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे. हा बारा एकरांचा, माती काळी म्हणून, "दादांचा तुकडा". दादा म्हणजे माझे दादा. आमच्या दादांचं नाव आता गावच्या कुठल्याही सातबाऱ्यावर नाही. ते या तुकड्याला आहे.

"आज आपण कुणीच बोलायचं नाही," तो मुलींना म्हणाला. "शब्दाचे मालक आलेत. ते सांगतील तसं." आणि माझ्याकडे बघून हसला. चेष्टा नव्हती त्यात. माझी मुलगी फोन खिशात घालून पुढे येऊन उभी राहिली.

मी वाकलो, मूठभर माती घेतली, दाबली. अंगठ्याला चिकटली. पुन्हा दाबली. मऊ, गार, तेलकट गोळा झाला, त्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. दादा असते तर अंगठा धोतराला पुसून घराकडे वळले असते. मला कळलं होतं, यात काही संशय नाही. आयुष्यात शेती केली नाही तरी ते हातात असतं. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं की या माणसाचं एकदा तरी काहीतरी चुकू दे. इतकंच आलं, आणि मी म्हणालो, "आलाय वाफसा."

गोळा खाली टाकून दाखवायचा असतो. मी टाकला नाही. हात पाठीमागे नेला आणि गोळा जॅकेटच्या खिशात घातला.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुलीकडे. म्हातारा काहीतरी बोलायला गेला तर याने त्याच्या दंडावर हात ठेवला. "बरं मालक," म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला. दोरी ओढली. टिंग टिंग. संध्याकाळपर्यंत दादांचा तुकडा पेरून झाला. माझी मुलगी दिवसभर माझ्याकडे जरा कौतुकाने बघत होती, ते मला चांगलंच आठवतं.

पेरणी झाली की आठवड्याभरात तो कोंबांचा फोटो पाठवतो. खाली एकच शब्द असतो, "आले". त्या वर्षी बाकीच्या तुकड्यांचे फोटो आले. दादांच्या तुकड्याचा आला नाही. शनिवारचे फोन येत होते, त्यात बकऱ्या होत्या, दात होते, पाऊस होता, तेवढं सोडून सगळं होतं. मी विचारत नव्हतो. शेवटी वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं, की तिथे वर पापडी धरली, कोंब आतच राहिले, दुबार पेरणी करावी लागली. "हे म्हणतात, नंतरचा पाऊस फार जोराचा झाला."

दुबार पेरणी काय असते ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दादांना एकदा करावी लागली होती. त्या वर्षी ते दिवाळीपर्यंत कुणाशी नीट बोलले नव्हते. मी कपाटातून ते जॅकेट काढलं. खिशात तो गोळा होता, वाळून गोटीसारखा टणक. बायकोने विचारलं काय आहे ते. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

सप्टेंबरच्या पहिल्या लांब वीकएंडला त्याच्याकडे हुरडा असतो. आजूबाजूच्या राज्यांतून मराठी माणसं पाच-पाच तास ड्राइव्ह करून येतात. बायकोला सुट्टी नव्हती. मुलगी म्हणाली, मी येणार. तो गोळा मी बरोबर घेतला. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता, गव्हासाठी ठेवलेलं रान ओलं होतं. खड्ड्यात त्याने स्वतः थापलेल्या गोवऱ्यांचा आर होता आणि तो उकिडवा बसून कणसं भाजत होता, भाजलेलं गरम कणीस तळहातावर चोळत होता. पाहुणे चटणी-गूळ घेऊन पांगल्यावर मी त्याच्या शेजारी बसलो.

"त्या दिवशी वाफसा नव्हता," मी म्हणालो.

तो चोळत राहिला. "माहीत आहे की."

"मला तेव्हाच कळलं होतं. चुकून नाही म्हणालो मी."

"तू गोळा टाकलाच नाहीस. खिशात घातलास. तेव्हाच कळलं मला."

"मग पेरलंस कशाला? बारा एकर?"

त्याने फुंकर मारून कोंडा उडवला आणि हुरडा माझ्या हातावर ठेवला. "पोरगी बघायली होती की तुझी," तो म्हणाला. "बारा एकर परत पेरता येतात."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. मग मी त्याला माझ्याइतकाच धरला असता. खिशातून गोळा काढून त्याला दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, माझ्या बोटांचे ठसे अजून त्यावर होते. मग उभा राहिला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. टक्क वाजून गोळा घरंगळत गेला. त्याने वाकून नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "अजून नाही." मला हसू आलं, त्यालाही आलं. आम्ही युनिव्हर्सिटीतल्यासारखे हसलो. मग कुणीतरी हाक मारली म्हणून तो निघून गेला.

गोळा माझ्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबला होता. ती उचलून घेऊन आली. "बाबा, व्हॉट्स दिस? व्हाय आर यू गाइज लाफिंग?"

काहीही सांगता आलं असतं. त्याने तर बारा एकर घालवून माझी सोय करून ठेवली होती. मी तिला ओल्या रानात नेलं. तिला मूठभर माती दाबायला लावली, गोळा सोडायला लावला. तो फुटला नाही, चपटा होऊन पडला. "नाही फुटला म्हणजे वाफसा नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी पण असंच होतं. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. काकाला ते सगळं पुन्हा पेरावं लागलं."

मेमधलं ते कौतुक तिच्या चेहऱ्यावरून गेलेलं मला दिसलं. "व्हाय?"

"हेवा वाटला."

"हेवा म्हणजे?"

इंग्रजी शब्द मला येत होता. पण म्हटलं, एक तरी शब्द हिला माझ्याकडून मिळू दे. "दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बघून आपल्या पोटात दुखतं, तो. काकाकडे सगळं आहे ना, हे घर, पोरी, जेवताना बोलणं. ते बघून मला तसं होतं."

तिने हाताची माती जीन्सला पुसली. घराच्या दारात त्या दोघी मुली दोरीसाठी एकमेकींना ढकलत होत्या, आज जेवणाची घंटी कोणी वाजवायची त्यावरून. त्यांचा बाप मध्ये उभा राहून दोघींनाही एकेक टोल वाटून देत होता. माझी मुलगी बराच वेळ तिकडे बघत होती. मग तिने मला मराठीत सांगितलं.

"मला पण आहे तो," ती म्हणाली. "मेपासून."